शुक्राचा अस्त आणि चंद्राची शिंगे

ऐन लग्नसराईत गुरुजींनी पंचांग मिटून ‘शुक्राचा अस्त आहे, तूर्त मुहूर्त नाही’ असे सांगितले की वधुपित्याचा जीव टांगणीला लागतो. पण कापसाच्या गाड्या जिनात रित्या होऊन रस्त्यावरची धूळ खाली बसल्यावर मातीच्या धाब्यावर चढावे आणि या अस्ताची खातरजमा आपल्या डोळ्यांनी करावी, असे आमच्या बोदवडात सहसा कुणाच्या मनात येत नाही.

वास्तविक त्याला दुर्बीण लागत नाही. शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे जात नाही. पश्चिमेस उगवल्यावर तो महिनोन्‌महिने वर चढतो, सूर्यास्तानंतर तीन-तीन तास रेंगाळतो, आणि तेज ऐन भरात असतानाच काही आठवड्यांत झरझर उतरून संधिप्रकाशात बुडतो, तो थोड्याच दिवसांत पहाटे पूर्वेस हजर होतो. तोच सूर्याच्या पलीकडून जाऊ लागला म्हणजे मात्र अस्त दीड-दोन महिने लांबतो आणि कार्ये तहकूब राहतात.

या उदयास्ताचे गणित आपल्या जिल्ह्याला परके नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ स्थापिलेल्या मठाला निकुंभवंशीय सोइदेवाने दिलेल्या दानाची नोंद असून, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये ती विद्वानांपुढे आणली. ज्योतिर्गणिताच्या शिक्षणासाठी हात सैल सोडणारा मांडलिक! असो. भास्कराचार्यांच्या शके १०७२ च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहांच्या उदयास्ताला एक स्वतंत्र अधिकार दिलेला आहे, आणि त्याच्या लगत शृंगोन्नतीचा, म्हणजे चंद्रकोरीचे कोणते टोक किती उंच राहील याचा.

ही शृंगोन्नती तर पोरासोरांनीही पाहण्याजोगी. चैत्रातल्या संध्याकाळी आपल्या अक्षांशावर ग्रहांचा मार्ग पश्चिम क्षितिजावर जवळजवळ उभा असतो, म्हणून कोर होडीसारखी आडवी पडते. २४ मार्च २०२३ रोजी, पाडव्यानंतरच्या तृतीयेस, अशाच कोरीच्या अगदी खाली शुक्र लटकलेला दिसला आणि एरवी मान वर न करणारी माणसेही रस्त्यात थबकली. आश्विनात तोच मार्ग दक्षिणेकडे कलतो. घटस्थापनेनंतरच्या तृतीयेस दिवेलागणीला पश्चिमेकडे तोंड करून उभे राहावे: कोरीचे उजवे, म्हणजे उत्तरेकडचे शिंग डाव्यापेक्षा स्पष्ट उंच दिसेल, ढग आडवे आलेच, तर चतुर्थीस पाहण्यास हरकत नाही.