ताटीआडचे मन
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवळाची गळती दिसते म्हणून वर्गणी जमते. मनाची गळती कोणास दिसत नाही. आवणीत दिवसभर चिखलात वाकलेली बाई रात्री चुलीपुढे गप्प बसते. घरचे म्हणतात, दमली असेल. द्राक्षबागांच्या कामाहून परतलेला गडी कोणाशी बोलत नाही. लोक म्हणतात, शहराचा वारा लागला.

हरसूलच्याच तालुक्यात, त्र्यंबकेश्वरी, निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांच्या भावंडांची एक कथा वारकरी आवर्जून सांगतात. जननिंदेने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीत शिरले आणि ताटी लावून बसले. ताटी म्हणजे कामट्यांचे दार. कुडाच्या घरांत वाढलेल्यांस ते सांगायला नको. एवढे ज्ञानी, पण अपमान त्यांनाही झोंबला! धाकटी मुक्ताबाई दाराबाहेर थांबून समजावीत राहिली. 'ताटीचे अभंग' ते हेच. अखेर दार उघडले, ते आतून. तिने ताटी मोडली नाही, हे विशेष.

प्रत्येक घरात मुक्ताबाई असतेच असे नाही. झोप उडाली, अन्न गोड लागेना, जीव नकोसा झाला, तर भगताकडे जाणाऱ्याने खुशाल जावे, पण डॉक्टरांसही दाखवावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीअपरात्रीही फुकट व मराठीत बोलता येते.

आणि नव्या सभामंडपात भजन संपताच सर्वांनी उठू नये. घटकाभर बसावे, शेजारच्याची विचारपूस करावी.