बटणाच्या आधी मीटर



वायरमनांच्या सभेत अध्यक्षानं धंद्याच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. पण सोलर आणि स्मार्ट मीटरवर सकाळपासून पुष्कळ बोलून झालंय. मी डीबीतल्या, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीतल्या, एका बटणावर बोलतो. लीकेज झालं की वीज तोडणाऱ्या आरसीसीबीवरचं, 'टी' लिहिलेलं. गिऱ्हाईक तिला अजून ईएलसीबीच म्हणतं. आपणही म्हणतो, उगाच खोटं कशाला बोला.

काम संपलं की आपण घरमालकाला बोलावतो, बटण दाबतो, खटका पडतो, घर बंद. "बघा साहेब, ओके आहे." तीस वर्षं मीही हेच केलं. मग मुलानं आरसीसीबी टेस्टर विकत घेतला आणि माझी पंचाईत झाली.

एका जुन्या बंगल्यात बरीच वर्षं कुणी हात न लावलेली 30 मिलिअँपची आरसीसीबी होती. लोड सगळा काढला, टेस्टर लावला, 30 मिलिअँप सोडले. मानकाप्रमाणे 300 मिलिसेकंदांच्या आत खटका पडायला हवा. पडलाच नाही. मी गडबडलो आणि सवयीनं बटण दाबलं. खट्. पुन्हा मोजलं तर 31 मिलिसेकंद, अगदी नव्यासारखं. गंजलेल्या कडीला एक हिसका दिला की ती सुटते, तसं आतलं यंत्र सुटलं होतं. आधी बटण दाबलं असतं, तर मीटरनं मला 31 दाखवले असते आणि मी सही करून निघालो असतो. पण बाथरूममध्ये शॉक लागताना आधी येऊन बटण कोण दाबणार? म्हणून म्हणतो, आधी मीटर, मग बटण.

मोजायचं तर नीट मोजा. निम्म्या करंटला, म्हणजे 15 ला, ती पडता कामा नये. पाचपट, 150 ला, 40 मिलिसेकंदांत पडलीच पाहिजे. शून्य आणि 180 अंश, दोन्हीकडून घ्या आणि जो आकडा मोठा येईल तो लिहा. आपण छोटा लिहितो.

आता अर्थिंग. बटणाच्या आत एक रेझिस्टर असतो, तो फेज-न्यूट्रलमध्येच खोटं लीकेज तयार करतो. अर्थच्या तारेशी त्याचा काडीचा संबंध नाही. सॉकेटची तिसरी पिन बोर्डाच्या मागे नुसती लोंबकळत असली, तरी बटण दाबलं की खट् होणारच. अशा घरात गीझरच्या बॉडीला फेज आला तर आरसीसीबी गप्प बसते, कुणीतरी ओल्या हातानं नळ धरेपर्यंत. टेस्टर मात्र करंट अर्थमधूनच सोडतो; अर्थ नसेल तर तो चाचणीच करत नाही. तिथे मीटरला शिव्या घालू नका.

पावसाळ्यात फोन येतात, "सारखी ट्रिप होते हो, ती ईएलसीबी वगळून डायरेक्ट करून द्या." गेटच्या दिव्यात पाणी असतं, नाहीतर इन्व्हर्टरचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. शोधायला दोन तास, डायरेक्ट करायला पाच मिनिटं, आणि गिऱ्हाईक पैसे दोन्हीचे सारखेच देतं! मीही तरुणपणी एक केलं होतं. ते घर अजून आठवतं. तपासणीचे पैसे बिलात वेगळे लावा, डीबीच्या झाकणाच्या आत तारीख आणि मिलिसेकंद लिहून ठेवा. पुढच्या वायरमनला कळू दे.

भाषण आटोपतं घेतो, कारण काम राहिलंय. सकाळी या सभागृहाची डीबी उघडून पाहिली. आरसीसीबी चांगली आहे, बटण दाबलं की खटकाही पडतो. फक्त पंखे फिरतच राहतात. जेवणाच्या सुट्टीत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कोण कोण येताय?