कुशल हात आणि मजुरीतील दरी



आपण चार जण एकत्र आलो की पहिली तक्रार निघते, मजूर मिळत नाहीत. त्याच गावात दुसरी तक्रारही असते, हाताला काम नाही. दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा? याचे उत्तर कौशल्यात आहे.

द्राक्षबागेचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर छाटणी आली की भागातील बहुतेक बागा थोड्याच आठवड्यांत छाटायच्या असतात. कात्री कोणीही धरील. पण काडीची जाडी पाहून किती डोळे राखायचे, हे जाणणारे थोडे. काप चुकला तर त्या हंगामाचे घड जातात. म्हणून छाटणीच्या टोळ्या आपला दर ठरवून घेऊ शकतात. खुरपणी करणाऱ्या बाईला मात्र मिळेल त्या रोजावर राबावे लागते आणि बागेत तणनाशक आले की तिचे कामाचे दिवसही घटतात. नवे तंत्र साध्या हातांचे काम कमी करते, जाणत्या हातांची गरज वाढवते. मजुरीतील दरी अशी रुंदावते.

महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. त्याने मजुरांना आधार दिला. पण नुसत्या मातीकामाने कसब येत नाही. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा त्याआधीच, 1976 साली झाला होता. मात्र बाईच्या हाती छाटणीची कात्रीच दिली नाही, तर काम समान होणार कसे?

शेतीची प्रगती माणसाच्या ज्ञानावर व कौशल्यावर अवलंबून असते, असे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी आग्रहाने मांडले. त्यांना 1979 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपण म्हणाल, "मी शिकवायचे आणि मजूर दुसऱ्याच्या बागेत जायचा!" शंका रास्त आहे. म्हणूनच हा खर्च एकट्याने करू नये. पाच-सहा बागायतदारांनी मिळून पुढील गोष्टी कराव्यात :

1. काढून टाकायच्या वेलींवर नवख्यांना छाटणीचा सराव द्यावा.
2. प्रत्येक जाणत्या छाटणीवाल्याबरोबर दोन शिकाऊ ठेवावेत. त्यांपैकी एक स्त्री असावी.
3. शिकण्याच्या दिवसांचाही रोज द्यावा.
4. काम जमू लागले की स्त्री असो वा पुरुष, दर एकच ठेवावा.

पुढच्या छाटणीला मजूर शोधत फिरायचे नसेल, तर शिकवण्याची सुरुवात यंदाच करा.