हिशेबाच्या वहीतला एक प्रश्न

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘आयुष्याचा हेतू’. मी म्हटलं, अरे, मी बँकेत ३८ वर्षं व्हाउचरं तपासली, मला कसला हेतू विचारता? तर म्हणाले, “तू मंडईतला आहेस, बोलशीलच!” मंडईला पुण्यात विद्यापीठ म्हणतात ना, त्याचा हा तोटा.

मंडईत आमच्या वडिलांचा पालेभाजीचा गाळा होता, हे तुमच्यातल्या काही जणांना माहीत आहे. शाळा सुटली की मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसायचो. वर्गातलं कुणी आईबरोबर भाजी घ्यायला आलं की पाटीमागे लपायचो. एकदा, नववीत असताना, आपले गणिताचे सर आले आणि नेमकं त्यांनी मला पाहिलं. मेथी घेतली, नोट पुढे केली आणि म्हणाले, “परत किती द्यायचे, तोंडी सांग.” मी सांगितलं. मग सर वडिलांना म्हणाले, “पोराचं गणित चांगलं आहे, याची शाळा सोडवू नका.”

आज पहिल्यांदाच सांगतोय, त्या महिन्यात माझी शाळा सुटणारच होती. वडिलांना हाताखाली माणूस हवा होता. सरांच्या त्या एका वाक्यावर मी दहावी झालो.

आता थोडं त्या इमारतीबद्दल. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, उघड्यावर भरायचा. मग नगरपालिकेने मोठी पक्की मंडई बांधायचं ठरवलं. जोतीराव फुले तेव्हा नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला. गंमत बघा, त्यांचं घराणं फुला-भाजीच्या धंद्यातलं. बाजाराशी त्यांचं काय वैर असणार? त्यांचं म्हणणं एवढंच, की गोरगरिबांच्या पोरांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि इमारतीला आहे, हे कसं?

जोतीराव हरले. १८८६ साली मंडई उभी राहिली आणि तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं. त्याआधी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हाही तेच झालं. ३२ सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचं. तेव्हाही ते हेच म्हणत होते, की हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या.

लहानपणी मी ही गोष्ट नुसती ऐकून सोडून दिली होती. निवृत्तीनंतर त्यांचं चरित्र नीट वाचलं, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. हा माणूस व्यापार करत होता, शेती करत होता, खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर कंत्राटदार होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात स्वतःची ओळखही व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशीच दिली आहे. आणि त्याच निवेदनात मागणी काय, तर निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

म्हणजे पोटाचा धंदा एकीकडे आणि एक प्रश्न कायम बरोबर. कुठलाही हिशेब समोर आला की विचारायचं, ‘यात शिकायला न मिळालेल्यांसाठी किती?’ १८४८ साली, एकविसाव्या वर्षी, त्यांनी मंडईपासून हाकेच्या अंतरावर, भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, ती याच प्रश्नातून. १८५५ साली दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तीही यातूनच. सावित्रीबाईंनी तर १८९७ च्या प्लेगात आजाऱ्यांची सेवा करता करता जीव दिला.

पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत आले आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. ज्यांनी विरोध केला त्यांचंच नाव लागलं. पण ते बघायला जोतीराव नव्हते. आणि नाव लागलं नसतं, तरी त्यांचा प्रश्न खोटा ठरला नसता.

आपल्याच पेठांतलं दुसरं नाव बाबा आढावांचं. ते मुळात डॉक्टर. दवाखान्यात बसून औषधं देत राहिले असते, तर कोणी नावं ठेवली नसती. पण हमालांच्या दुखण्याचं मूळ त्यांच्या पाठीवरच्या ओझ्यात आणि मजुरीत आहे, हे त्यांनी पाहिलं. १९५५ साली हमाल पंचायत निघाली. १९६९ साली राज्यात माथाडी कायदा झाला. हमालांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली. त्यांनाही हेतू कुठे शोधायला जावं लागलं नाही, तो रोज समोर येऊन उभा राहत होता.

आता माझं सांगतो, आणि हे सांगायला जड जातंय.

निवृत्तीनंतर पहिलं वर्ष मी नुसता घरात बसलो. सकाळचा पेपर संपला की दिवस संपला. मग मंडईमागच्या एका मंडळाच्या खोलीत, संध्याकाळी गाळेवाल्यांच्या आणि हमालांच्या मुलांना गणित शिकवायला लागलो. दहा-बारा मुलं यायची. मला वाटलं, सापडला हेतू! लोक कौतुक करायचे, मलाही बरं वाटायचं.

त्यातली एक मुलगी नववीत होती, अपूर्णांक तोंडी करायची. ती यायची बंद झाली. मी म्हटलं, कंटाळली असेल. दोन महिन्यांनी भाजी घ्यायला गेलो, तर गाळ्यावर तीच बसलेली. आईचा पाय मोडला होता, शाळा सुटली होती. मला पाहून तिने मान खाली घातली.

मित्रांनो, ती मान मी ओळखली. पाटीमागे लपणारा मुलगा मीच होतो. माझे सर एका वाक्यासाठी गाळ्यापर्यंत आले होते, आणि मी दोन महिने शेजारच्या खोलीत फळ्यापुढे उभा होतो. माझा वर्ग चालला होता, पण ज्यांच्यासाठी तो होता त्यातलं एक जण गळलं, तरी मी ‘का’ म्हणून विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून वर्गाची वेळ बदलली. मंडईत सकाळ-संध्याकाळ गर्दी असते, दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक तुरळक असतं. त्या वेळात मी गाळ्यावरच जातो. भाजीच्या जुड्या बाजूला सारून वही उघडते. तिने आता दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. मार्चमध्ये परीक्षा आहे. पास होईल का, माहीत नाही. आईचा पाय अजून पुरता बरा नाही, आणि लग्नसराईत गाळा सोडून येणं तिला जमेलच असं नाही.

तेव्हा हेतूबद्दल मला एवढंच कळलंय. तो एकदा सापडला आणि कपाटात ठेवला, असं होत नाही. तो प्रश्न आहे, रोजच्या हिशेबात पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. मी विचारायचा विसरलो, त्याची किंमत मी नाही, त्या मुलीने मोजली.

आपण सगळे साठी ओलांडलेले. कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर, कुणी घर सांभाळलं. प्रत्येकाच्या वाटेवर एखादं माणूस असेल, जे यायचं बंद झालंय. आज घरी जाताना त्याला एक फोन करा. आणि ज्यांना दुपारी झोप येत नाही, त्यांनी माझ्याकडे या. इंग्रजी शिकवणारं कुणीतरी हवंय, माझं इंग्रजी बाईंना माहीतच आहे! आता तर मंडईला मेट्रोही येते, म्हणजे पार्किंगची सबब चालणार नाही.

सर आज आपल्यात नाहीत. त्या मेथीच्या जुडीचे उरलेले पैसे मी त्यांना बरोबर दिले होते. बाकीचं देणं अजून फेडतो आहे.