रावेरच्या पलीकडची सीमा

भुसावळहून खंडव्याकडे जाताना रावेर, वाघोडा मागे पडलं की पुढे बऱ्हाणपूर, म्हणजे मध्य प्रदेश. शेतात केळी तीच, राज्य मात्र दुसरं.

अशा सीमा आखणारी नवी राज्यं सहज जन्मत नाहीत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना, १८६३ साली, वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं. त्यामागे फ्रान्सिस पिअरपॉन्ट यांचा मोठा हात होता. आपल्याकडे युद्ध नव्हतं, पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मुंबईत गोळीबार झाले, शंभरावर माणसं हुतात्मा झाली.

१ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्य आलं आणि त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. द्विभाषिक चालवता चालवताच ते टिकणार नाही, हे त्यांनी दिल्लीला पटवलं. संयुक्त महाराष्ट्र समितीचा रेटा नसता तर दिल्लीने ऐकलं नसतं, हेही तितकंच खरं. श्रेय दोघांचं आहे.

१ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. खानदेशाने मात्र किंमत मोजली: नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा भागातली कितीतरी गावं गुजरातेत गेली. त्याच वर्षी पूर्व खानदेश जिल्ह्याचं नाव जळगाव झालं. रावेर तालुका याच जिल्ह्यात राहिला.