कापडावरची जास्वंद
(उत्सवातील हस्तकला कार्यशाळेत केलेले छोटेसे भाषण)

यंदा मखराच्या पडद्यासाठी आपण जास्वंदीचे फोटो सुती कापडावर छापून, पाण्यात विरघळणाऱ्या खडूंनी रंगवणार आहोत.

फोटो फिकटच छापायचा. गडद छापला तर वरचा रंग उठून दिसत नाही. शाई पिगमेंटची हवी, नाहीतर ओला ब्रश लागताच ती पसरते. खडू कोरडाच फिरवायचा, देठाकडे दाट आणि कडेला विरळ. मग ओलसर ब्रशने रंग कडेकडे ओढत न्यायचा. पाणी जास्त झाले की लाल रंग धाग्याधाग्यांतून शेजारच्या पानात शिरलाच म्हणून समजा! वाळल्यावर फॅब्रिक मीडियमचा हात द्यायचा. तरीही हा पडदा धुवायचा नाही, झटकून गुंडाळून ठेवायचा.

एवढा खटाटोप कशाला? आपल्या बेळ्ळंदूर तलावावर २०१५, २०१७ आणि २०१८ साली आग भडकली होती. शहराची घाण पोटात घेऊन घेऊन पाणीसुद्धा पेटते, हे आपल्या दाराशीच घडले. थर्मोकोलचे मखर विसर्जनानंतर कचराच; पडदा मात्र पुढल्या वर्षीही बाप्पांच्या मागे उभा राहील.

आणि हो, आपल्या कन्नड शेजारणी जास्वंदीला ‘दासवाळ’ म्हणतात. त्यांनाही बोलवा, एकेक फूल त्यांच्या हातचेही असू द्या.

गणपती बाप्पा मोरया!