ब्रेकचा पाईप घरी बदलताना : दोन वायसरची गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, ब्रेकचा पाईप घरी बदलता येतो का?" येतो. पण आधी माझी फजिती ऐका, मग ठरवा.

माझी गाडी जुनी, १५० सीसीची, पुढे डिस्क, एबीएस नाही. गेल्या वर्षी ताम्हिणी घाट उतरत होतो, मागे धाकटी बहीण बसलेली. अर्ध्या घाटात पुढच्या ब्रेकचा लिव्हर मऊ लागायला लागला. दाबला की पार मुठीला टेकायचा, गाडी मात्र म्हणावी तशी थांबत नव्हती. मागचा ब्रेक आणि दुसरा गिअर, एवढ्यावर गाडी खाली आणली. बहिणीला काहीच कळलं नाही. माझ्या हाताला मात्र घाम फुटला होता.

घरी येऊन बघितलं तर ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट आणि रबरी पाईपला वाकतो तिथे बारीक भेगा. आता यातलं कारण समजून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात सतत ब्रेक दाबला की कॅलिपर तापतो, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून लिव्हर मऊ लागतो. त्यात जुना रबरी पाईप दाबाने फुगतो, म्हणजे लिव्हरची काही हालचाल पाईप फुगवण्यातच जाते. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ऑइल दर २ वर्षांनी आणि पाईप दर ४ वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं. आपण ते पान कधी उघडतच नाही.

तर एका रविवारी कामाला बसलो. बाबा म्हणाले, "बाकी काय खोलायचं ते खोल, ब्रेकला हात लावू नकोस." मी ऐकलं नाही.

सामान काय लागतं? आपल्याच मॉडेलचा पाईप, डॉट ४ ची सीलबंद बाटली, पाने, एक पारदर्शक नळी, फडकी आणि पाण्याची बादली. बादली कशाला? ब्रेक ऑइल रंग खातं. टाकीवर थेंब पडला की लगेच पाणी ओता. आणि टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही.

काम तसं सरळ आहे. आधी जुना पाईप कुठून कसा गेलाय त्याचा फोटो काढा. वरचा आणि खालचा बँजो बोल्ट खोला, जुनं ऑइल बाटलीत घ्या. नवा पाईप त्याच वाटेने लावा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, पाईप कुठे ताणला जात नाही ना, कुठे घासत नाही ना.

मग हवा काढायची. टाकीत ऑइल भरा, निपलला नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल थोडा सैल करा, बुडबुडे येतील. निपल बंद करा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा परत आत. टाकी मध्येच रिकामी झाली तरी सगळं पहिल्यापासून. लिव्हर कडक होईपर्यंत हेच करत राहायचं.

माझं दीड तासात झालं. लिव्हर दगडासारखा! बाबांना दाखवला, कॉलर ताठ. पण मी एक आळस केला होता. बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वायसर असतो. तो मऊ असतो, आवळल्यावर चेपतो आणि ऑइल अडवतो. एकदा चेपला की त्याचं काम संपलं. मी खालचे दोन जुनेच लावले होते. नवे आणायला कोण जाणार, रविवारी दुकान बंद!

निघायच्या आधी बाबा म्हणाले, "खाली पेपर टाक आणि लिव्हर दोन मिनिटं दाबून धर." धरला. पेपरवर एक थेंब. मग दुसरा. तशीच गाडी काढली असती तर?

सोमवारी नवे वायसर आणले. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने आवळला. हा बोल्ट आतून पोकळ असतो, अंदाजाने जोर लावला तर तुटू शकतो. पान्यासाठी ओळखीच्या गॅरेजवर गेलो, जुनं ऑइलही तिथेच दिलं. ते गटारात ओतू नका, प्लीज.

शेवटचं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. तुमची गाडी तशी असेल तर हे काम मेकॅनिककडेच द्या. त्यातली हवा काढायला काही वेळा वेगळं मशीन लागतं. आणि कोणतीही गाडी असो, पाईप बदलल्यावर आधी गल्लीत, चालण्याच्या वेगाने, चारपाच वेळा ब्रेक मारून बघा. मागे कुणालाही बसवू नका.

परवा पुन्हा ताम्हिणी उतरलो. बहीण मागेच होती. तिला यावेळीही काही कळलं नाही.

आज घरी गेलात की ब्रेक ऑइलच्या काचेत डोकावा. चहा दिसला तर समजून जा. भेटू पुढच्या भागात, सांभाळून चालवा!